पडद्यावरची पट्टी हिरवी झाली, पुढे काय?

वाचकांचे प्रश्न : न्यूरोफीडबॅक आणि समुपदेशन

न्यूरोफीडबॅक म्हणजे मेंदूच्या लहरी डोक्यावरून मोजून पडद्यावर दाखवायच्या, आणि हवी ती लहर आली की पट्टी हिरवी करून किंवा आवाजाने लगेच कळवायचं, असा सराव. नाशिक शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत. त्यांतली दोन स्वतः उपचार करणाऱ्यांची आहेत. त्यांची उत्तरं जरा तांत्रिक झाली आहेत, पण ज्यांना त्या खुर्चीत बसायचं आहे त्यांनीही ती वाचावीत. समोरचा माणूस आपल्या डोक्याला काय चिकटवतोय आणि का, हे कळलेलं बरं.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा. कामासाठी आठवड्यातून दोनदा पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जातो. दीड वर्षापासून गाडी कसारा घाटातल्या बोगद्यात शिरली की छाती धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, आता मरतो की काय असं वाटतं. ईसीजी, टूडी इको नॉर्मल. चार महिने समुपदेशन चालू आहे. आता सोबत न्यूरोफीडबॅकची वीस सेशन करू असं थेरपिस्ट म्हणतात. डोक्यात करंट सोडतात का? आणि बोलून जे झालं नाही ते यंत्राने कसं होणार?
— एक वाचक, जेल रोड

करंट सोडत नाहीत. डोक्यावर चिकटवलेला इलेक्ट्रोड फक्त ऐकतो. मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या असंख्य पेशी एका लयीत काम करू लागल्या की विजेचा जो अंश त्वचेपर्यंत पोचतो, तो मोजायचा, एवढंच. डोळे मिटून निवांत बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागावर अल्फा लहर साधारण ३० ते ५० मायक्रोव्होल्ट भरते. भिंतीवरच्या घड्याळातल्या पेन्सिल सेलमध्ये दीड व्होल्ट असतो, म्हणजे पंधरा लाख मायक्रोव्होल्ट. यावरून अंदाज घ्या. सौम्य विद्युतप्रवाह देणारी उपकरणंही असतात, पण तो निराळा उपचार आहे आणि त्याचे नियम निराळे. कोणी दोन्हींची सरमिसळ करून सांगत असेल तर तिथेच थांबून विचारा.

या लहरी पहिल्यांदा माणसाच्या डोक्यावरून टिपल्या हान्स बर्गर यांनी, जर्मनीतल्या येना गावी, १९२४ मध्ये; प्रसिद्ध केल्या १९२९ मध्ये. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठात जो कामिया यांनी एक साधा प्रयोग केला. माणसाला डोळे मिटून बसवायचं, मधूनमधून घंटा वाजवायची आणि विचारायचं, आत्ता अल्फा होता की नव्हता? उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगायचं. काही दिवसांत लोक बरोबर ओळखायला लागले, आणि मग मागितल्यावर अल्फा आणूही लागले. न्यूरोफीडबॅकचं मूळ हे आहे. शरीरात एरवी न जाणवणारी गोष्ट दाखवली आणि बरोबर झाल्याचं ताबडतोब कळवलं, तर माणूस ती शिकतो. ‘ताबडतोब’ला इथे फार किंमत आहे. लहर बदलल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत आवाज किंवा चित्र बदललं नाही, तर मेंदूला कशाचं बक्षीस मिळालं तेच कळत नाही.

तुमच्यासारख्या त्रासात बहुधा डोक्याच्या वरच्या मध्यभागी किंवा किंचित उजवीकडे इलेक्ट्रोड लावून १२ ते १५ हर्ट्झच्या (सेकंदाला १२ ते १५ वेळा येणाऱ्या) लहरीचा, म्हणजे एसएमआरचा सराव घेतात. शरीर स्थिर पण मन जागं असताना ही लहर वाढते. त्यासोबत वरच्या वेगाच्या लहरींना अटकाव ठेवतात, म्हणजे त्या वाढल्या की बक्षीस थांबतं. यातून मिळालं तर काय मिळतं? शरीराचा ताण चढायला लागला की तो लवकर ओळखणं आणि थोडा उतरवता येणं. घाटाची भीती यातून जात नाही. ती जायला घाटातूनच जावं लागतं.

म्हणून तुमच्या थेरपिस्टशी आधी पायऱ्या ठरवा. पहिल्या आठवड्यात नाशिकरोड ते देवळाली. मग घोटी. मग इगतपुरीला उतरून परत. मग घाट, आधी सोबत घेऊन, मग एकट्याने. प्रत्येक पायरी भीती निम्म्यावर येईपर्यंत किंवा ‘मरेन’ हे भाकीत खोटं ठरेपर्यंत पुन्हा पुन्हा. पहिली सहा-आठ सेशन झाली की न्यूरोफीडबॅक आणि या पायऱ्या एकाच आठवड्यात चालल्या पाहिजेत. वीस सेशन संपवून मग गाडीत बसू, असा बेत असेल तर तो बदलून घ्या.

यात एक खाचखळगा आहे आणि अनुभवी लोकही त्यात पडतात. बोगदा आला की ‘खुर्चीतली ती अवस्था’ आणायची आणि भीती येऊच द्यायची नाही, असा वापर सुरू झाला तर ते तंत्र ताईत बनतं. खिशातली गोळी, पाण्याची बाटली, दाराजवळची सीट, तसंच हे. धडधड झाली तरी काही होत नाही, हे शिकायचं राहूनच जातं. सराव बोगद्याच्या आधी आणि नंतर वापरावा. बोगद्यात धडधडू द्यावं.

प्रश्न : मुलीच्या डोक्याचा रंगीत नकाशा काढला. कपाळाजवळ मोठा लाल डाग आहे आणि दोन्ही कानांवर लाल पट्टे. ‘मेंदू ओव्हरअ‍ॅक्टिव्ह आहे’ असं सांगितलं. घाबरायचं का?
— एक पालक, महात्मानगर

नकाशा बघून घाबरू नका. कच्चा आलेख मागा. हे नकाशे १९ जागांवरून घेतलेल्या ईईजीची, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या आलेखाची, त्याच वयाच्या लोकांच्या संग्रहाशी तुलना करतात. लाल म्हणजे सरासरीपेक्षा जास्त, बस. लाल म्हणजे आजार नव्हे.

आणि तुम्ही सांगितलेल्या जागा फार ओळखीच्या आहेत. पापणी मिटली की कपाळावर शंभर मायक्रोव्होल्टच्याही वर उसळी येते आणि ती संथ लहरींच्या हिशेबात जाते, कपाळ लाल. जबडा आवळला की कानांवरचे स्नायू वेगवान लहरींसारखे दिसतात; कानांवर पट्टे लाल. काढून टाकायला हवा होता तो भाग नकाशात तसाच राहिला असण्याची शक्यता मोठी आहे. विचारा : डोळे उघडे आणि डोळे मिटून अशी दोन्ही रेकॉर्डिंग किती मिनिटांची होती, त्यातला स्वच्छ भाग किती सेकंद उरला, आणि मुलगी आदल्या रात्री किती झोपली होती. झोप कमी झाली की थीटा ही संथ लहर वाढते. क्लोनाझेपामसारखी (चिंतेवरची) गोळी चालू असेल तर बीटा, म्हणजे वेगवान लहर, वाढलेला दिसतो, आणि तो गोळीचा बीटा असतो, चिंतेचा नव्हे. या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर त्या कागदावर उपचार ठरवू नका.

प्रश्न : प्रॅक्टिस सुरू करून सहा महिने झाले. सी-फोर या (डोक्याच्या वर, उजवीकडच्या) जागेवर एसएमआर घेते. एकाच क्लायंटचा आलेख सोमवारी सुंदर आणि गुरुवारी नुसता गोंधळ. पेस्ट तीच, जागा तीच. उलट दोन क्लायंट पहिल्याच सेशनपासून जवळजवळ शंभर टक्के गुण मिळवतात. काय चुकतंय?
— एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, कॉलेज रोड

शंभर टक्केवाल्यांपासून सुरुवात करू, कारण नुकसान तिथे जास्त आहे. ते बहुधा जबड्याने खेळ जिंकत आहेत. कानशिलाचा स्नायू सी-फोरच्या खालीच पसरलेला असतो, आणि स्नायूची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी मोठी. तिची मुख्य ताकद २० हर्ट्झच्या वर असली तरी शेपूट १२ ते १५ पर्यंत सहज येतं. तुम्ही शांतपणाला बक्षीस द्यायला बसलात आणि दात आवळण्याला दिलंत. वीस सेशन असं झालं की क्लायंट डोकेदुखी घेऊन घरी जातो.

तपासायला दोन मिनिटं लागतात. कच्चा आलेख पडद्यावर ठेवा आणि क्लायंटला मुद्दाम दात आवळायला सांगा. रेघ जाड, केसाळ होईल. ती ओळख डोळ्यात बसवा. मग ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवलेलं, असं बसवा. २२ ते ३६ हर्ट्झचा अटकाव पट्टा चालू ठेवा. तो हललाच तर बक्षीस बंद. तरीही शंका असेल तर इलेक्ट्रोड सी-फोरवरून सीझेडवर, म्हणजे डोक्याच्या वरच्या मध्यावर न्या, तिथे स्नायू कमी.

जागेचं म्हणाल, तर ‘तीच’ म्हणजे टेपने मोजलेली की नजरेने? नाकाच्या मुळाच्या खोबणीपासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरा. समजा ३६ सेंमी आले. निम्म्यावर, म्हणजे १८ वर एक खूण. मग एका कानापुढच्या खोलगटापासून दुसऱ्या कानापुढच्या खोलगटापर्यंत, त्या खुणेवरून. समजा ३८ आले. दोन्हींचं मध्य जिथे छेदतं ते सीझेड. तिथून उजवीकडे ३८ च्या २० टक्के, म्हणजे ७.६ सेंमीवर सी-फोर. क्लायंटच्या फाइलवर आकडे लिहून ठेवा म्हणजे दर वेळी मोजणं एका मिनिटाचं काम होतं.

आता गुरुवार. तुमच्या क्लायंटला विचारा, केस कधी धुता? अनेक घरांत गुरुवारी केस धूत नाहीत. बुधवारी रात्री खोबरेल तेल चोपडलेलं असेल तर तुम्ही तेलाच्या थरावर पेस्ट लावताय. आदल्या संध्याकाळी साध्या शाम्पूने केस धुवून, तेल, जेल, कंडिशनर काही न लावता यायला सांगा. हे सांगायला संकोच करू नका. किंवा सरळ सेशनचा वार बदला.

लावायची रीत : केसांचा भांग पाडून त्वचा उघडी करा. कानकाडीवर खरखरीत प्रेप जेल घेऊन हलक्या हाताने दहा-पंधरा वेळा फिरवा, पुसून घ्या. पुरळ, जखम असेल तिथे घासायचं नाही. इलेक्ट्रोडच्या कपात पेस्ट काठोकाठ, वर हरभऱ्याच्या दाण्याएवढा उंचवटा. दाबून बसवा, वर गॉजचा तुकडा. कानाच्या पाळीवर लावताना कुडी काढून, स्पिरिटने पुसून. दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग इम्पिडन्स, म्हणजे त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यातला विजेचा अडथळा, बघा. ५ किलो-ओहमच्या खाली हवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळे इलेक्ट्रोड एकमेकांच्या जवळपास हवेत. एक ३ वर आणि दुसरा १५ वर असेल तर खोलीतली सगळी वीज त्या फरकातून आत शिरते. सोन्याचा मुलामा असलेला कप आणि चांदीचा कप एकत्र वापरू नका. दोन धातूंमध्ये स्वतःचंच व्होल्टेज तयार होतं आणि रेघ तरंगत राहते. कप कोमट पाण्याने धुवा, टाचणीने खरवडू नका. मुलामा गेला की कप गेला.

डिसेंबर-जानेवारीत त्वचा कोरडी पडते, इम्पिडन्स चढतो, घासायला वेळ द्या. एप्रिल-मेमध्ये उलट : घामाने रेघ संथपणे वरखाली होते आणि डेल्टा, म्हणजे सगळ्यात संथ लहर, वाढल्यासारखा दिसतो. खोली आधी गार करा.

खोलीतल्या विजेचा गोंधळ अगदी नियमित, दाट दातेरी दिसतो; तो ५० हर्ट्झचा. बाहेरून आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हा गोंधळ गाळणारा नॉच फिल्टर ६० वर लावलेला असू शकतो, कारण अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची. आधी ते बघा. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. इलेक्ट्रोडच्या वायरींची वेणी घाला, लोंबू देऊ नका. पंख्याचा रेग्युलेटर बदलून बघा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर सेशन चालू ठेवायचा मोह होतो, पण स्वस्त इन्व्हर्टरची वीज इतकी खडबडीत असते की त्या वीस मिनिटांचा आलेख कचऱ्यात. जुन्या वाड्यातली खोली असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. बऱ्याच ठिकाणी तिसरं भोक नुसतं दाखवायला असतं.

हे सगळं करूनही सोमवार-गुरुवार फरक उरला तर नोंदवही ठेवा : झोप किती तास, शेवटचा चहा कधी, तंबाखू-सिगारेट, कोणती गोळी किती वाजता. चहा-कॉफीने अल्फा कमी होतो. दुपारी चारचा सेशन आणि साडेतीनला कटिंग, हे जमायचं नाही.

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा, चौथीत. एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) निदान झालंय, डॉक्टरांनी गोळी दिली आहे. एका सेंटरने ४० सेशनचं पॅकेज सांगितलं, पैसे आगाऊ, आणि ‘दहा सेशननंतर गोळी बंद करू’ म्हणाले. करू का?
— एक आई, सिडको

गोळी बंद करायचा निर्णय ज्या डॉक्टरांनी ती सुरू केली त्यांचा. सेंटरचा नाही. हे वाक्य ऐकल्यावर दुसऱ्या कुठल्याही चौकशीआधी तिथून उठावं.

आता न्यूरोफीडबॅकचं. थीटा कमी आणि बीटा जास्त करायचा सराव मुलांच्या एकाग्रतेसाठी १९७० च्या दशकापासून अमेरिकेत जोएल लुबार यांनी पुढे आणला. सुरुवातीचे निकाल आशादायक होते. पण त्यात पालकांना माहीत असायचं की मूल उपचार घेतंय. मूल आठवड्यातून तीनदा एका मोठ्या माणसाशेजारी अर्धा तास स्थिर बसतं, कौतुक मिळवतं, घरीही वातावरण जरा बदलतं. सुधारणा यातून की लहरींतून? हे सोडवायला अमेरिकेत ७ ते १० वर्षांच्या १४४ मुलांचा अभ्यास झाला. निकाल २०२१ मध्ये आले. काहींना खरा फीडबॅक, काहींना आधी रेकॉर्ड केलेल्या दुसऱ्या कोणाच्या लहरींवर चालणारा, आणि कोणाला काय हे मूल, पालक, सेशन घेणारा कोणालाच ठाऊक नाही. ३८ सेशननंतर दोन्ही गट सुधारले. सारखेच. तेरा महिन्यांनी बघितलं तरी फरक नाही.

याचा अर्थ मुलाला काहीच मिळणार नाही असा नाही; जे मिळेल त्यातलं बरंचसं नियमितपणा, लक्ष आणि कौतुक यांतून मिळेल. आणि ते मिळवायचे याहून स्वस्त रस्ते आहेत : पालकांसाठी वर्तन प्रशिक्षण, शाळेशी बोलून पुढच्या बाकावर जागा, अभ्यासाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे. सेशनला १,५०० रुपये धरले तर ४० सेशनचे ६०,००० होतात, शिवाय सिडकोहून जाणं-येणं. आमचा कौल : हे पैसे आधी तिकडे घाला.

तरीही करायचंच ठरलं, तर पॅकेज नको, दहा-दहा सेशनचे पैसे. सुरुवातीला आणि दर दहा सेशननी वर्गशिक्षकांकडून लेखी मोजपट्टी भरून घ्या. शक्यतो त्यांना सेशनबद्दल न सांगता. वीस सेशनपर्यंत शाळेतल्या आकड्यात फरक नसेल तर थांबा. सेंटरच्या पडद्यावरचा स्कोअर कितीही चढला तरी. आणि सेशन कोणाच्या देखरेखीखाली होतात ते विचारा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तिचा क्रमांक मागता येतो. चार दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसतं. ते उपचाराचा परवाना नाही.

प्रश्न : मी सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारं समुपदेशन) करतो. ५० मिनिटांच्या सेशनमध्ये न्यूरोफीडबॅक बसवायचा तर बोलणं उरत नाही. वेगळा ठेवला तर दोन्हींचा संबंध उरत नाही.
— एक समुपदेशक, इंदिरानगर

५० मिनिटांत नाही बसत. ७५ घ्या, किंवा आठवड्याला दोन भेटी : एक लहान, फक्त सरावाची, दुसरी मोठी, दोन्हींची.

मोठ्या भेटीचा ढोबळ आराखडा असा चालतो. पहिली दहा मिनिटं आठवडा कसा गेला, घरी करायला दिलेल्या कामाचं काय झालं. पुढची आठ-दहा मिनिटं इलेक्ट्रोड लावणं. या वेळात गप्पा चालतात आणि बरेचदा खरी गोष्ट इथेच बाहेर पडते. मग दोन मिनिटं डोळे उघडे, दोन मिनिटं मिटून, काही न करता, आधाररेषा म्हणून. मग चार-चार मिनिटांच्या चार फेऱ्या, मध्ये एक मिनिट. फेरी चालू असताना बोलायचं नाही, तुम्हीही नाही. बोलताना चेहऱ्याचे स्नायू सगळं बिघडवतात. प्रत्येक फेरीनंतर एकच प्रश्न : पट्टी हिरवी होती तेव्हा आत काय चाललं होतं? उत्तर क्लायंटच्या शब्दांत लिहून घ्या. ‘खांदे खाली पडल्यासारखे’, ‘बघत होतो पण वाट बघत नव्हतो’ असं काहीतरी येतं. ‘खूप प्रयत्न केला’ असं आलं तर जबडा तपासा.

शेवटची फेरी पडदा बंद करून. फीडबॅक नाही, आवाज नाही, तीच अवस्था नुसत्या आठवणीने आणायची. तुम्ही मात्र आकडा नोंदवत राहायचा. ही फेरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि आमच्या मते सगळ्या सेशनचं मोल या चार मिनिटांत आहे. पडदा नसताना येत नाही ते घरी येणार नाही, सासूबाईंसमोर तर नाहीच. साधारण आठव्या सेशनपासून यात भर घाला : आधी एक मिनिट त्रासाचा प्रसंग मनात आणायचा, मग परत शांत व्हायला किती सेकंद लागतात ते बघायचं. हा आकडा उतरत गेला तर काहीतरी घडतंय.

उरलेला वेळ तुमचा नेहमीचा. तो लिहून घेतलेला शब्द इथे वापरा. विचारनोंदीत, वर्तनप्रयोगात, घरच्या कामात. ‘रोज दोनदा, तीन मिनिटं, खांदे-खाली; एकदा बॉसचा फोन घेण्याआधी’ असं ठोस.

उंबरठा, म्हणजे लहर किती झाली की बक्षीस द्यायचं तो आकडा, ठरवताना एक फसवणूक टाळा. सॉफ्टवेअरमध्ये स्वयंचलित उंबरठ्याची सोय असते : क्लायंटची लहर खाली आली की उंबरठाही खाली येतो आणि बक्षीस कायम ६५-७० टक्के राहतं. क्लायंट खूश, तुम्ही खूश, आणि शिकणं शून्य. तो झोपी गेला तरी गुण मिळत राहतील. आधाररेषेवरून ६० ते ७० टक्के बक्षीस मिळेल असा उंबरठा हाताने लावा, सेशनभर हलवू नका आणि मायक्रोव्होल्टमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलना आकड्याची करायची, गुणांची नाही.

बाहेरची मोजपट्टी वेगळी. चिंतेसाठी जीएडी-७ ही सात प्रश्नांची प्रश्नावली, दर दोन आठवड्यांनी. २१ पैकी गुण, १० किंवा त्याहून जास्त म्हणजे लक्ष द्यायला हवं असा त्रास. चार-पाच गुणांची घट टिकली तर ती खरी मानावी. दहा सेशननंतर लहरही हलली नाही आणि ही पट्टीही हलली नाही, तर यंत्र बाजूला ठेवा आणि क्लायंटला तसं सांगा. लहर हलली पण त्रास तसाच, असंही होतं. तेव्हाही यंत्र बाजूला. त्रास कमी झाला पण लहर जागेवर, तर श्रेय तुमच्या सीबीटीचं असावं. निद्रानाशावर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोटा फीडबॅक घेणाऱ्यांनाही खऱ्याइतकंच बरं वाटलं होतं, हे लक्षात असू द्या.

सेशननंतर डोकं जड होणं, चिडचिड, थकवा, रात्री झोप न लागणं अशा तक्रारी येतात. बहुधा त्याच दिवशी जातात. दोनदा लागोपाठ आल्या तर वेळ निम्मी करा, जागा आणि वारंवारता पुन्हा तपासा. बीटा वाढवायचा सराव चिंतेच्या माणसाला देऊ नका, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

प्रश्न : माझे दीर ४२ वर्षांचे, द्राक्षबाग आहे. रोज दारू, आता सकाळपासून. कोणी सांगितलं की ‘अल्फा-थीटा’ नावाचे ३० सेशन केले की दारू नकोशी होते. दारू बंद करून सोमवारपासूनच न्यायचा विचार आहे.
— एक वाचक, निफाड तालुका

सोमवारपासून दारू एकदम बंद करू नका. रोज, सकाळपासून पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, ताप, हातपाय थरथरणं. यात जीव जाऊ शकतो. आधी मनोविकारतज्ज्ञ किंवा जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग. तिथे औषधांच्या आधाराने, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देऊन, काही दिवसांत दारू उतरवतात. कुठे जावं कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

अल्फा-थीटाची कथा खरी आहे, अर्धी. १९८९ मध्ये अमेरिकेत पेनिस्टन आणि कुलकोस्की यांनी दारूच्या आहारी गेलेल्या माजी सैनिकांवर हा सराव करून चांगले निकाल सांगितले. पण गट फार लहान होते. आणि लहरींच्या आधी त्या सैनिकांना हाताचं तापमान वाढवून शिथिल व्हायचं शिकवलं होतं, नकार देण्याची मनातल्या मनात तालीम करून घेतली होती. दारू नकोशी करणारी लहर अशी काही नसते.

सरावात डोळे मिटून, आवाजाच्या खुणेवर झोप आणि जाग यांच्या काठावर बसवतात. तिथे जुन्या, दाबून टाकलेल्या आठवणी अचानक वर येतात. म्हणून हा सराव तंत्रज्ञाच्या हाती सोडायचा नसतो. खोलीत समुपदेशक हवा आणि सेशननंतर बोलायला वेळ हवा. दारू सुटून काही आठवडे झाले, झोप ताळ्यावर आली, व्यसनमुक्तीचं समुपदेशन चालू आहे, मग जोड म्हणून विचार करता येईल. छाटणीच्या घाईत सुरू करू नका. आठवड्याला दोनदा शहरात येणं त्या दिवसांत जमत नाही आणि अर्धवट सोडलं की ‘मला काहीच लागू पडत नाही’ हे मनात पक्कं बसतं.

प्रश्न : ऑनलाइन हेडबँड घेतला. रोज दहा मिनिटं जपाच्या वेळी लावतो, अ‍ॅपमध्ये शांततेचे गुण मिळतात. हे उपचार धरायचे का? आणि यंत्र खरं आहे का ते कसं ओळखायचं?
— एक निवृत्त वाचक, पंचवटी

उपचार धरू नका, सरावाची आठवण करून देणारं घड्याळ धरा. हेडबँडचे सेन्सर कपाळावर आणि कानामागे असतात. अल्फा सगळ्यात ठळक दिसतो तो डोक्याच्या मागे. शिवाय जप ओठ हलवून करत असाल तर अ‍ॅप तुमचे स्नायू मोजतंय. मनात करा, आणि कपाळावर गंध असेल तर पुसून, ओल्या फडक्याने सेन्सरची जागा ओलसर करून मग पट्टा लावा.

खरंखोटं ओळखायला अ‍ॅपमध्ये कच्च्या लहरी दाखवायची सोय आहे का बघा. असेल तर घरातल्या कोणाला तरी पडद्याकडे बघायला बसवा. डोळे मिचकावा : मोठी उसळी दिसली पाहिजे. दात आवळा : रेघ जाड झाली पाहिजे. मग डोळे मिटून वीस सेकंद बसा : कानामागच्या सेन्सरवर सेकंदाला आठ ते बारा अशी गोल, नियमित लहर यायला हवी आणि डोळे उघडताच विरायला हवी. काही निरोगी माणसांत ती मुळातच फिकट असते, म्हणून हे घरातल्या दोघा-तिघांवर करून बघा. यातलं काहीच दिसलं नाही तर आधी बॅटरी आणि ब्लूटूथ तपासा, मग परत करायची मुदत संपली नाही ना ते बघा.